टार्टूतली शाळा आणि वहिनींचं ऑफिस

मी एस्टोनियात, टार्टूला राहते म्हटलं की कोल्हापुरात दोन प्रश्न ठरलेले. थंडी किती असते, आणि तिथली पोरं वही-पेन वापरतात की सगळं कॉम्प्युटरवरच? दुसऱ्याचं उत्तर ऐकून लोक हिरमुसतात. माझी लेक सातवीत आहे. तिचं दप्तर पुस्तकांनी फुगलेलं असतं, गणितं वहीतच सुटतात आणि हस्तकलेच्या तासाला पोरांच्या हातात खरीखुरी करवत असते. डिजिटल देश म्हणून एवढा बोलबाला, पण वर्गात डोकावलं तर बरंचसं आपल्यासारखंच. फरक दिसतो तो मुख्याध्यापकांच्या खोलीत.

देश केवढा, तर १४ लाखांच्या आत. आपला कोल्हापूर जिल्हा २०११ च्या जनगणनेतच ३८ लाखांच्या वर गेलाय. १९९१ ला सोव्हिएत संघातून बाहेर पडले तेव्हा यांच्याकडेही पैशाची चणचणच होती. फेब्रुवारी १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष लेनार्ट मेरी यांनी ‘वाघाची झेप’ नावाची योजना जाहीर केली. शाळाशाळांत कॉम्प्युटर आणि इंटरनेट पोचवायचं, स्थानिक नगरपालिकांनीही खर्चाचा वाटा उचलायचा आणि त्याच्या जोडीनंच शिक्षकांचं प्रशिक्षण करायचं. २००२ ला ‘ईकूल’ नावाची ऑनलाइन शाळा-डायरी आली. पंधरा वर्षांच्या मुलांची देशोदेशी जी ‘पिसा’ चाचणी होते, तिच्यात २०२२ ला हे लोक गणित आणि विज्ञानात युरोपात पहिले आले. याचं सगळं श्रेय कॉम्प्युटरला द्यायला मी तयार नाही, इथलेही कोणी देत नाहीत.

आता रोजचं सांगते. लेकीला ताप आला, तर मी सकाळी मोबाइलवर शाळेच्या डायरीत दोन शब्द लिहिते. वर्गशिक्षिकेला ते दिसतं, विज्ञानाच्या सरांना दिसतं, गैरहजेरीला कारण लागतं. काम संपलं. शिक्षिका तीच हजेरी पुन्हा कुठल्या रजिस्टरात उतरवत नाहीत, कारण ती नोंद हाच हजेरीपट. सरकारला विद्यार्थी, शिक्षक, वर्ग यांची जी माहिती लागते तीही एका राष्ट्रीय नोंदवहीत जाते. २००१ पासून इथल्या सरकारी खात्यांचे डेटाबेस एकमेकांशी जोडलेले आहेत आणि एकच माहिती गोळा करायला दुसरा डेटाबेस उभारायला कायद्यानंच मनाई आहे. एकदा विचारलेलं पुन्हा विचारायचं नाही, म्हणजे नाही.

हे मी वहिनींना सांगितलं. त्या कोल्हापुरात एका अनुदानित हायस्कूलच्या मुख्याध्यापिका आहेत. त्या शांतपणे म्हणाल्या, “अहो वन्सं, आमच्याकडं काय कमी डिजिटल आहे होय? शाळेची सगळी माहिती सरकारच्या यूडायसवर भरायची, शालार्थच्या साइटवर पगारबिलं, प्रत्येक पोराचा अपार नावाचा ओळख क्रमांक, पोषण आहाराची रोजची नोंद. आणि एवढं भरून झालं की दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर एक्सेलची फाइल येते, त्यात हीच माहिती, वर ‘अत्यंत तातडीचे’. शिवाय मस्टर आहेच. उपक्रम झाला की फोटो. फोटो चांगला आला नाही तर उपक्रम परत.”

शेवटचं वाक्य त्या हसून म्हणाल्या, पण खोटं नाही. आमच्याकडे कॉम्प्युटर आला आणि कागदाशेजारी बसला. कागद काही उठला नाही.

कल्पनांचा दुष्काळ आपल्याकडे कधीच नव्हता, हे आधी सांगायला हवं. लोकवर्गणी काढून जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रोजेक्टर लावणारी गावं आपलीच. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणणारे आणि २०२० चं जागतिक शिक्षक पारितोषिक मिळवणारे रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातले. कमी आहे ती शाळा चालवणाऱ्याच्या हातातल्या अधिकाराची आणि त्याच्या दिमतीला असलेल्या माणसांची.

माणसांचंच घ्या. इथं पुष्कळ शाळांत शिक्षण-तंत्रज्ञ नावाचं पद असतं. लेकीच्या शाळेतल्या बाईंना मी एकदा कामात पाहिलं. इतिहासाचे वयस्कर शिक्षक जुने नकाशे स्क्रीनवर एकमेकांवर ठेवून सीमा कशा सरकल्या ते दाखवणार होते. या बाई त्यांच्याशेजारी बसून आधी विचारत होत्या, “पोरांनी यातून नेमकं काय ओळखायला हवं?” मग म्हणाल्या, “तर मग दोनच नकाशे ठेवा.” प्रिंटर दुरुस्त करणं हे त्यांचं काम नाही. आपल्याकडे हे पद नाही असं कसं म्हणू? ते नवीन लागलेल्या शिक्षणसेवकाकडे असतं, त्याला न विचारता. वय कमी, मोबाइल हातात, म्हणजे कॉम्प्युटर येतच असणार! त्याचे तास मात्र कमी होत नाहीत.

आणि अधिकार. इथं शिक्षक नेमायचा, पाठ्यपुस्तक निवडायचं, कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं हे मुख्याध्यापक ठरवतात. सोबत पालक, शिक्षक, विद्यार्थी आणि नगरपालिकेचे प्रतिनिधी असलेलं मंडळ असतं. फिनलंडनं २०२५ मध्ये कायदा करून शाळेतल्या मोबाइलवर निर्बंध आणले, एस्टोनियानं तो निर्णय शाळांवर सोडला. मग आमच्या शाळेत सभा झाली. एका बापाला मोबाइल पूर्ण बंद हवा होता, नववीतल्या प्रतिनिधी मुलीला मधल्या सुट्टीत तरी हवा होता. मुख्याध्यापकांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि धाकट्यांना दिवसभर बंद, मोठ्यांना फक्त सुट्टीत, असं जाहीर करून टाकलं. परिपत्रकाची वाट बघितली नाही. चुकलं तर शिव्या त्यांनाच पडणार, हे त्यांनाही ठाऊक.

सगळं गोडगोड आहे असं मात्र समजू नका. शिक्षक मिळत नाहीत, आणि जानेवारी २०२४ मध्ये पगारासाठी संप झाला होता. सप्टेंबर २०२५ पासून दहावी-अकरावीच्या सुमारे २० हजार मुलांसाठी एआय शिक्षणात आणायची नवी झेप सुरू झाली, त्यावरही कुरबुर आहे. पोरं विचार करणं सोडतील, ही भीती टार्टूतल्या आयांनाही वाटते. पण क्रम बघा, आधी शिक्षकांची तयारी आणि मग मुलांच्या हातात साधन.

हा क्रम कोल्हापूरकरांना नवा नसावा. शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला १९१७ ला, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंडासकट. पण व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग त्याच्या कितीतरी आधी, १९०१ चं. शिकायला येणाऱ्या पोरानं राहायचं कुठं, खायचं काय, याचा विचार हुकमाच्या आधी झाला होता. दसरा चौकातून जाताना आजूबाजूची बोर्डिंगं बघा, पुरावा उभा आहे.

वहिनींना वरून येणारे फॉर्म थांबवता येत नाहीत. पण शाळेच्या आतले दुहेरी कागद त्यांच्या हातात होते. या जूनपासून त्यांनी तीन गोष्टी बंद केल्या: प्रत्येक उपक्रमाचे फोटो ग्रुपवर टाकणं, छापील वेळापत्रक असताना ते पुन्हा वहीत उतरवून घेणं, आणि रात्री आठनंतर शिक्षकांना मेसेज. कॉम्प्युटर बघणाऱ्या शिक्षणसेवकाचे आठवड्याचे चार तास कमी केले. ते चार तास ज्यांच्याकडे गेले ते सर अजून वहिनींशी नीट बोलत नाहीत.

संस्थेच्या सचिवांना मात्र आता गेटवर ‘एआय लॅब’चा बोर्ड हवाय, पुढच्या वर्षीच्या प्रवेशाआधी. वहिनींनी त्यांना लेखी विचारलंय: लॅबमध्ये शिकवणार कोण, त्याचा पगार कोणत्या खात्यातून, आणि तिसऱ्या वर्षी मशिन बंद पडली तर दुरुस्ती कोण करणार. बैठक दिवाळीनंतर आहे. सचिव बोर्डाचं डिझाइन घेऊन येणार आहेत म्हणे.