जक्कय, उंबर आणि वह्यांची कव्हरं

रात्रीचे पावणेअकरा झाले, सगळे झोपले, कूलरचा आवाज सोडला तर घर शांत आहे, म्हणून आत्ताच लिहून घेते नाहीतर उद्यापासून शाळा सुरू आणि मग डब्यांमधून डोकं वर काढेपर्यंत दिवाळी येईल. बाकी महाराष्ट्रात शाळा उघडून आठवडा झाला, आमच्या विदर्भातल्या पोट्ट्यांना उन्हामुळे जास्तीची सुट्टी, ती आज संपली.

सकाळी साडेसहालाच उठले. धाकटा स्कूटीवर पुढे उभा, थोरली मागे, मधात चार्टपेपरची गुंडाळी, खडूचे रंग, जुन्या ओढणीचा फेटा आणि एका डब्यात उंबरं. काटोल नाका, मग छावणी, मग सदर. ह्यांना मंगळवारीतून मटण आणायचं होतं, ते आईंना घेऊन चर्चमधल्या भक्तीच्या वेळेपर्यंत येणार होते.

चर्चच्या रविवारच्या शाळेत मी टीचर, आजचा धडा बायबलातल्या जक्कयचा. बुटका जकातदार, गर्दीत येशू दिसेना म्हणून झाडावर चढला तो. गोष्ट सोपी आहे असं मला काल रात्री वाटलं होतं. पहिलाच प्रश्न आला, टीचर जकातदार म्हणजे काय. आता काय सांगणार, नागपुरात २०१३ मध्येच जकात बंद झाली, ह्यांच्यातले बरेचसे तेव्हा जन्मलेही नव्हते. म्हटलं काटोल नाका माहिती आहे ना, नाका म्हणजे जिथे गाड्या थांबवून मालावर पैसे घ्यायचे, तर मागून एक जण ओरडला टोल! दुसरा म्हणे फास्टॅग! आणि तिसरी, चष्मेवाली, ती नेहमीच मुद्द्याचं बोलते, ती म्हणे मग जक्कय फास्टॅगमधून जास्तीचे कापून घ्यायचा का. म्हटलं हो बाई, अगदी तसंच. रोमन लोक वसुलीचा ठेका देऊन टाकायचे, वर जेवढं उकळलं ते ठेकेदाराचं. ह्यापेक्षा चांगलं मला तरी समजावता आलं नसतं.

मग झाड. आपल्या मराठी बायबलात उंबर लिहिलंय. खरं तर जक्कयच्या यरीहो गावाकडचं ते झाड आपल्या उंबराचं चुलत भावंड, त्यालाही फळं अशीच खोडाला चिकटून घोसानं लागतात, आणि ज्यानं कोणी पहिल्यांदा तिथे उंबर हा शब्द बसवला त्याला माझा सलाम, कारण झाड लगेच समोर उभं राहतं. आमच्या गल्लीच्या टोकाला दत्ताच्या देवळापाशी मोठा उंबर आहे, तिथूनच फळं वेचून नेली होती. एक फोडून दाखवलं, म्हटलं बघा उंबराची फुलं बाहेर दिसत नाहीत, ती ह्या फळाच्या आत असतात. फुलं कोणी पाहिलीच नाहीत, आतून बारीक बारीक किडे उडाले आणि निम्मा वर्ग बाकांवर चढला. गोष्ट दहा मिनिटं बंद. बाजूच्या खोलीतून मोठ्या मुलांचे सर डोकावून गेले, काय होऊन राहिलं म्हणून.

जक्कय पुढे म्हणतो ना की ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो, तिथे मी गणित घातलं. दहा जास्त घेतले तर किती परत? चाळीस! सगळे एका सुरात. तर एक पोट्टा म्हणतो, टीचर मग मी त्याच्याकडून मुद्दाम लुबाडून घेईन ना, चौपट मिळते. ह्यावर टीचरच्या पुस्तकात उत्तर दिलेलं नाही.

मग छोटं नाटक. जक्कय कोण होणार म्हटल्यावर सगळे हात वर, माझा धाकटाही, तो तर बाकावर उभाच राहिला. मी दिलं एका नवीन मुलाला, दुसऱ्यांदाच येत होता, कोपऱ्यात बसून असायचा, वाटलं मोकळा होईल. आणि झालाही, फेटा बांधून स्टुलावर काय ऐटीत चढला तो. माझ्या पोराला म्हटलं तू गर्दीत उभा राहा. राहिला. तेव्हा मी नीट पाहिलंच नाही त्याच्याकडे.

भक्ती झाली, उपदेश आज थोडा लांबला. मग टीचर लोकांची मीटिंग, पाळकसाहेब म्हणाले अर्धाच तास. ऑगस्टमधल्या बायबल क्विझची तारीख ठरवायची होती फक्त. २९ नोव्हेंबर १९७० ला ह्याच नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि आम्हा सहा टीचरांचं एका शनिवारवर एकमत होईना. ह्यांनी एक वाजेपर्यंत वाट पाहिली आणि सगळ्यांना घेऊन निघून गेले.

मी पोचले सव्वादोनला. आई दारातच, आलं का आमचं उंबराचं फूल. सकाळच्या उंबरांचं त्यांना काहीच माहीत नव्हतं, त्या आपल्या नेहमीचंच बोलल्या, पण मला हसू आलं आणि जरा लागलंही. मटण गार झालं होतं, गरम करून एकटीच जेवले. जेवता जेवता काहीही डोक्यात येतं. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. तिकडे इंग्लंडात रॉबर्ट रेक्सनं १७८० मध्ये ग्लॉस्टरला रविवारची शाळा काढली, तीही कारखान्यातल्या पोरांना तेवढा एकच दिवस मोकळा म्हणून. मोकळा दिवस मिळाला की कोणीतरी त्यात शाळा भरवतंच, आणि आमच्या घरात ती कोणीतरी मी.

संध्याकाळी खाली सतरंजी टाकून सगळे वह्यांना कव्हरं घालायला बसलो. हे खाकी कागद कापून देत होते, थोरली दुमडत होती, मी सेलोटेप, आणि धाकट्याकडे लेबलं. तो बोलतच नव्हता. मला वाटलं शाळेचं टेन्शन. थोरलीनंच सांगितलं, मम्मी तो आठवडाभर पलंगाच्या कठड्यावर चढून जक्कय जक्कय करत होता, तुला माहीतच नाही.

मग तो बोलला. लेबलावरून नजर वर न करता. मागच्या ख्रिसमसला मेंढरू, ईस्टरला गर्दी, आज पण गर्दी. तू मला काऊन नेहमी गर्दीतच ठेवते?

ह्याचं खरं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते काही फार छान नाही. टीचरनं आपल्याच पोराला पुढे केलं असं कोणी म्हणू नये, म्हणून मी त्याला मागे ठेवते. खाऊ वाटतानाही त्याला शेवटी. त्याला म्हटलं चुकलं माझं. तर तो शांतपणे म्हणे, चुकलं तर चौपट.

तेवढ्यात लाईट गेली. कूलर बंद, सगळा घाम, आणि मोबाईलच्या टॉर्चमध्ये जक्कयचा पहिला प्रयोग. तो डायनिंगच्या खुर्चीवर, डोक्यावर माझी ओढणी. येशू व्हायला आई तयार झाल्या, म्हणाल्या खाली उतर बाबा, आज तुझ्याकडेच यायचं आहे मला, काय केलंय जेवायला? तो खुर्चीवरूनच म्हणे, मटण संपलं, वरणभात आहे. ह्यांना झाड केलं, खुर्ची धरून उभं राहायचं. थोरली टॉर्चवर. मी काय होऊ विचारलं तर म्हणे तू गर्दी. दुसऱ्या वेळीही गर्दी. तिसऱ्या वेळी मी जरा टाचा उंचावून पाहिलं तर रागावला, गर्दीला बोलायचं नाही आणि हलायचं पण नाही.

तिसरा प्रयोग संपला आणि लाईट आली, आईंचे गुडघे दुखायला लागले, चौथा उद्या शाळेतून आल्यावर करायचं ठरलंय. त्यानं लेबलाच्या मागे पेन्सिलनं लिहून ठेवलंय, १ बाकी.

पाच वह्या राहिल्यात अजून. त्या करून झोपते, पण सेलोटेप कुठे गेला सापडूनच नाही राहिला.