कान कुठपर्यंत ऐकतो आणि फोन कुठपर्यंत वाजतो

मोबाइलवर एक चाचणी सतत फिरत असते. बारीक शिट्टी 8,000 हर्ट्झपासून (म्हणजे सेकंदाला 8,000 कंपनं) वर चढत जाते, पडद्यावर आकडे पळतात आणि शिट्टी ऐकू येईनाशी झाली की कानाचं वय जाहीर होतं. चाळिशीतल्या माणसाला सत्तरीचे कान मिळतात आणि तो धसका घेतो. पण पुष्कळदा कान थांबायच्या आधी फाइलच थांबलेली असते.

128 केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला 128 किलोबिटांत दाबून बसवलेली एमपी3 फाइल साधारण 16,000 हर्ट्झच्या वरचा आवाज कापून टाकते, कारण जागा वाचवताना सगळ्यात आधी तोच भाग टाकून देता येतो. व्हिडिओसोबत येणारा दाबलेला आवाजही बहुतेक वेळा तिथेच कापलेला असतो. ब्लूटूथने जोडलेल्या हेडफोनमध्ये आवाज पुन्हा एकदा दाबला जातो. मोबाइलचा इवलासा स्पीकर त्या उंचीवर कुठे जोरात, कुठे अगदी क्षीण वाजतो. म्हणजे 16,000 च्या पुढे शांतता पसरली, तर ती फाइलची, ब्लूटूथची, स्पीकरची की कानाची, हे त्या चाचणीतून कळतच नाही.

घरी नीट करायचं असेल तर ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम पुरतो. प्रोजेक्टचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, 48,000 ठेवा. रेटच्या निम्म्यापर्यंतच सूर साठवता येतो, त्यामुळे 24,000 हर्ट्झपर्यंत वाव मिळतो. ‘जनरेट’मधून ‘टोन’ घ्या, प्रकार साइन, ॲम्प्लिट्यूड (सुराचा जोर) 0.1, लांबी 2 सेकंद. एक सूर 1,000 हर्ट्झचा, मग 8,000, 10,000, 12,000, 14,000, 15,000, 16,000 आणि 17,000 चा. प्रत्येक सुराच्या सुरुवातीच्या 50 मिलिसेकंदांना ‘फेड इन’ (आवाज हळूहळू चढवणं) आणि शेवटच्या 50 ला ‘फेड आउट’ (हळूहळू उतरवणं) द्या. ही पायरी गाळू नका. सूर एकदम सुरू झाला की ‘टक्’ असा आवाज होतो. त्या ‘टक्’मध्ये खालच्या पट्टीचे सगळे आवाज असतात आणि माणूस तोच ऐकून ‘ऐकू आलं’ म्हणतो. फाइल डब्ल्यूएव्ही या न दाबलेल्या प्रकारात साठवा, एमपी3 नको.

हेडफोन तारेचे आणि पूर्ण कान झाकणारे हवेत. उघड्या स्पीकरवर ही चाचणी करू नये. 15,000 हर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम 2.3 सेंटिमीटर असते. भिंतींवरून परतलेल्या लहरी खोलीत कुठे एकमेकींना वाढवतात, कुठे पुसून टाकतात. मान जराशी वळवली की सूर गायब, पुन्हा वळवली की हजर. हेडफोन किंचित सरकला तरी हाच प्रकार थोड्या प्रमाणात होतो. म्हणून प्रत्येक कान तीनदा तपासा आणि दर वेळी हेडफोन काढून पुन्हा घाला.

आता आवाजाची पातळी. 1,000 हर्ट्झचा सूर हळू बोलण्याइतका ऐकू येईल असा आवाज ठेवा आणि त्यानंतर त्याला हात लावू नका. यामागचं कारण बहुतेक चाचण्यांत सांगितलेलंच नसतं. निरोगी तरुण कानालाही 1,000 हर्ट्झचा सूर जेमतेम 2 डेसिबलला जाणवतो, तर 16,000 ला सुमारे 40 आणि 18,000 ला सुमारे 70 डेसिबल लागतात. वरच्या टोकाला चढण अशी एकदम उभी आहे. त्यामुळे किती जोरात वाजवलं ते सांगितल्याशिवाय ‘मला 18,000 ऐकू येतं’ या वाक्याला अर्थ नाही. हळू बोलण्याइतक्या पातळीवर 17,000 च्या आसपास सूर हरवला, तर तो धडधाकट कानाचाही हरवेल. आणि ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवत नेणं धोक्याचं आहे. सूर जाणवला नाही तरी त्याची ऊर्जा कानात जातच असते.

शेवटी, वाजवणारा माणूस दुसरा असावा. त्याने नाणं उडवून ठरवावं, छापा आला तर सूर, काटा आला तर शांतता. ऐकणाऱ्याने पाठ करून बसावं. दहापैकी नऊ वेळा तरी बरोबर सांगता आलं तरच तो सूर ऐकू येतो असं धरा. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता 1,024 मध्ये 11, म्हणजे शेकडा एकच्या आसपास. आठ चालवून घेतले तर तीच शेकडा साडेपाचपर्यंत जाते. आणखी एक खूण लक्षात ठेवा. 16,000 चा सूर 12,000 पेक्षा जाडसर वाटला, तर तो सूर नव्हे, उपकरणातून निघालेला खोटा आवाज आहे.

वरचे सूर आधी का जातात, याचं उत्तर कानाच्या घडणीत आहे. आतल्या कानातली शंखासारखी नळी सरळ केली तर साधारण 35 मिलिमीटर भरते. तिच्या तोंडाशी उंच सूर टिपले जातात आणि आत, टोकाकडे खर्जाचे. ते टिपणाऱ्या केशपेशी जन्मतः मिळतात तेवढ्याच. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. वय, गोंगाट आणि काही औषधं यांचा फटका तोंडाजवळच्या पेशींना सगळ्यात आधी बसतो. ढोबळमानाने लहान मुलांना 20,000 च्या जवळपास, पंचविशीत 17,000 च्या आसपास, पन्नाशीत 12,000 ते 14,000 पर्यंत ऐकू येतं. माणसामाणसांत फरक मोठा असतो. आपल्याकडच्या जुन्या डब्बा टीव्हीची शिट्टी 15,625 हर्ट्झची असे, 625 रेषा आणि सेकंदाला 25 चित्रं यांचा तो गुणाकार. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद असला तरी पोरांना शेजारच्या खोलीतून कळायचं की तो चालू आहे, आजोबांना नाही. 2005 मध्ये वेल्समध्ये हॉवर्ड स्टेपलटन यांनी याच फरकावर 17,400 हर्ट्झच्या आसपास वाजणारं, दुकानाबाहेर घुटमळणाऱ्या तरुणांना पिटाळणारं यंत्र बनवलं. लहान मुलांना, अगदी कडेवरच्या बाळांनाही, त्याचा त्रास होतो आणि लावणाऱ्याला तो आवाज ऐकूच येत नाही. मला ते यंत्र अन्यायाचं वाटतं.

तरीही 15,000 च्या वरचं गेलं म्हणून फार हळहळू नये. 20 ते 20,000 हर्ट्झ म्हणजे जवळजवळ दहा सप्तकं, आणि 10,000 ते 20,000 हे त्यातलं फक्त शेवटचं एक. पियानोची सगळ्यात वरची पट्टी 4,186 हर्ट्झची. 12,000 पर्यंत ऐकणाऱ्याला गाण्यातला प्रत्येक स्वर मिळतो, झांजेची आणि तंबोऱ्याच्या जवारीची झिलई थोडी उणावते एवढंच.

जपायचा पट्टा खाली आहे, 3,000 ते 8,000 चा. मराठीतल्या ‘स’चा जोर 4,000 च्या वर असतो, बायका-मुलांच्या बोलण्यात आणखी वर. ‘श’ त्याच्या खाली, ‘फ’ फार क्षीण. हा पट्टा गेलेला माणूस ‘मला ऐकू येतं, पण कळत नाही’ असं म्हणतो, आणि ते शब्दशः खरं असतं. स्वर खालच्या पट्टीत असल्याने आवाज पोचतो, व्यंजन निसटतं. मग ‘साठ’चं ‘आठ’ होतं, ‘सून’चं ‘ऊन’ होतं. ही अवस्था कशी असते ते जुन्या धाटणीच्या फोन कॉलवर कुणालाही अनुभवता येतं, कारण तिथे 300 ते 3,400 हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे पोचतो. म्हणूनच फोनवर रक्कम सांगताना ‘सहा शून्य, साठ’ असं फोड करून सांगावं लागतं. अशा माणसाशी ओरडून बोलू नये. ओरडताना स्वरच मोठे होतात, ‘स’ होता तिथेच राहतो. समोर येऊन, ओठ दिसतील असं, सावकाश बोललं तर फरक पडतो.

गोंगाटाचा हिशेब सोपा आहे. 85 डेसिबलला आठ तास ही मर्यादा, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 94 ला एक तास, 100 ला पंधरा मिनिटं. ताशाच्या कडकडाटाशेजारी तासन्‌तास चालणाऱ्याला फोमचे इअरप्लग हवेतच. ते बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचे. नुसते टोकावर टेकवलेले प्लग जवळजवळ काहीच अडवत नाहीत. कापसाचे बोळेही तसेच.

औषधांपैकी सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचं औषध आणि ॲमिकासिन, कॅनामायसिन ही इंजेक्शनं वरच्या सुरांपासून कान पोखरत खाली येतात. नेहमीची ऑडिओमेट्री, म्हणजे दवाखान्यातली ऐकण्याची तपासणी, 250 ते 8,000 हर्ट्झपर्यंतच होते, त्यामुळे तिथे नुकसान उशिरा दिसतं. असा उपचार सुरू व्हायच्या आधीच ‘हाय फ्रीक्वेन्सी ऑडिओमेट्री’ करून घ्यावी. ती 9,000 ते 16,000 पर्यंत जाते आणि तिला वेगळे हेडफोन लागतात, म्हणून केंद्रात आधी फोन करून विचारा. नंतरच्या तपासणीत एका सुरावर 20 डेसिबल किंवा शेजारच्या दोन सुरांवर प्रत्येकी 10 डेसिबलची घसरण दिसली, तर ती लगेच उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेस आणावी.

साध्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे या तपासणीच्या आलेखात, गोल म्हणजे उजवा कान, फुली म्हणजे डावा, आणि रेघ जितकी खाली तितकं कमी ऐकू येतं. 4,000 पाशी खड्डा पडून 8,000 ला रेघ पुन्हा वर आली, तर संशय गोंगाटावर. 8,000 कडे सरळ उतरत गेली, तर बहुधा वय. पण पुष्कळ ठिकाणी 2,000 वरून थेट 4,000 आणि तिथून 8,000 असं तपासतात. कारखान्यात काम करणाऱ्यांनी आणि ढोल-ताशा पथकातल्यांनी 3,000 आणि 6,000 हे दोन सूरही घ्यायला सांगावेत. दोन मिनिटं जास्त लागतात आणि खड्डा 6,000 वर असेल तर तो एरवी दिसत नाही.