मसुद्यातच अडकलेला सह्याद्री

पश्चिम घाटाचं इको-सेन्सिटिव्ह, म्हणजे घातक कामांवर बंधनं असलेलं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या केंद्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला, केरळच्या वायनाडमध्ये दरडी कोसळल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी. पहिला मसुदा १० मार्च २०१४चा. मसुदा अंतिम करायला मुदत असते, तेव्हा ती ५४५ दिवसांची होती. मुदत टळली की मसुदा बाद, हरकती पुन्हा पहिल्यापासून. अंतिम काहीच करायचं नाही, यावर तेवढं सगळ्यांचं एकमत दिसतं.

पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११मध्ये अख्खा घाट संवेदनशीलतेच्या तीन श्रेणींत विभागला आणि सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवा, असं सांगितलं. राज्यं बिथरली. मग केंद्राने नेमलेल्या कस्तुरीरंगन गटाने २०१३मध्ये उपग्रहचित्रांवरून सुमारे ३७ टक्के घाट निवडला. केरळात आंदोलन पेटलं, तिथलं क्षेत्र १३,१०८ चौरस किलोमीटरवरून ९,९९३.७वर आलं. सहाव्या मसुद्यात सहा राज्यांचे मिळून सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर आहेत, त्यात महाराष्ट्राचे १७,३४०.

क्षेत्र घटलं, पण भीती घटली नाही. कारण क्षेत्राबरोबर ग्रामसभाही गळली. शिवाय मोजमापाचं एकक गाव. गावाचा २० टक्के किंवा जास्त भाग संवेदनशील ठरला, की अख्खं गाव यादीत. वर कड्यालगत दाट रान, खाली भातखाचरं आणि वाडी, तरी नियम दोन्हीकडे एकच. आणि हे गावाला कळतं ते राजपत्रातून!

बंदी कशावर आहे तेही नीट वाचायला हवं. खाणकाम, दगडखाणी, वाळूउपसा. नवे औष्णिक प्रकल्प. लाल श्रेणीतले, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणारे नवे उद्योग. २०,००० चौरस मीटर आणि त्यावरची बांधकामं. चालू खाणी पाच वर्षांत किंवा भाडेपट्टा संपेल तेव्हा, जे आधी येईल तेव्हा बंद. राहत्या घराची दुरुस्ती, वाढीव खोली, जमिनीची खरेदी-विक्री यांवर बंदी नाही. ‘शेती जाणार’ ही आवई आहे. कोकणात खरा पेच चिरेखाणीचा आहे: घर बांधायला चिरा तिथूनच येतो आणि डोंगरही तिथेच पोखरला जातो. त्यावर मसुद्यात सरसकट बंदीखेरीज तोडगा नाही, ही त्याची मोठी उणीव.

मसुदा अंतिम नाही म्हणून तो निरुपयोगी मात्र नाही. ऑगस्ट २०१८मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बजावलं, की अधिसूचना अंतिम होईपर्यंत या क्षेत्रात पर्यावरणाला बाधक कामांना मंजुरी देऊ नये.

मसुदा निघाला की हरकतींना ६० दिवस मिळतात. ‘आमचं गाव वगळा’ एवढ्या एका ओळीने काही साधत नाही. गट नंबरनिहाय सांगा: कुठे उतार, कुठे बारमाही झरा, कुठे जुनी खाण, कुठे लागवड. गावनकाशाची प्रत आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. उपग्रहाला भातखाचराच्या बांधावरचा झरा दिसत नाही. तो ठरावात लिहावा लागतो.