तुम्ही विचारलंत म्हणून: साऊंडचा पुरस्कार आणि ऐकू न येणारे संवाद

"साऊंडमधलं एवढं कळतं तुम्हाला, मग पुरस्कारांचा विषय निघाला की तोंड का वाकडं करता?" हा एक प्रश्न. दुसरा त्याच्या पाठोपाठ येतोच: "हल्लीच्या सिनेमात कोण काय बोलतंय कळत नाही, आपल्या थेटरचा साऊंड खराब आहे का?" दोन्ही प्रश्न एकाच जागी दुखतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

२२ जुलै २०२२ ला ६८ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. ध्वनीचे तेव्हा तीन पुरस्कार होते: लोकेशन साऊंड, साऊंड डिझाइन (कुठे कुठला आवाज, ते रचणं) आणि अंतिम मिक्सिंग (सगळे आवाज एकत्र जुळवणं). पहिला फक्त सिंक साऊंडवाल्यांसाठी, म्हणजे शूटिंगच्या जागी नटाचा जो आवाज टिपला तोच पडद्यावर. तो मिळाला 'डोल्लू' या कन्नड सिनेमाला. लगेच रसूल पूकुट्टींनी, ज्यांना २००९ साली साऊंडचं ऑस्कर मिळालं त्यांनी, जाहीर सांगितलं की हा सिनेमा डब केलेला आहे, म्हणजे संवाद नंतर स्टुडिओत रेकॉर्ड करून भरलेले. सिनेमाचे साऊंड डिझायनर नितीन लुकोस यांनीही तेच सांगितलं. घरचाच माणूस म्हणतोय, आमच्याकडे सिंक नव्हतं!

होते चूक, असं म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. सिंकमध्ये बूम माइक नटाच्या डोक्यावर, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, हात-दीड हातावर धरलेला असतो. कॉलर माइक शर्टाच्या आत. सीन संपला की सगळ्यांना गप्प उभं करून त्या जागेची शांतता अर्धा-एक मिनिट रेकॉर्ड करायची. हा रूम टोन. तो नसेल तर एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधे भोक पडल्यासारखं वाटतं. नटाने मान वळवली की आवाजही वळतो, पातळ होतो. डबिंगमध्ये नट बंद खोलीत माइकजवळ उभा. पडद्यावर तो विहिरीपलीकडून हाक मारतोय आणि ओठ सुटल्याचा आवाज आपल्या कानाशी! पावलं, बांगड्या, ताटं नंतर स्टुडिओत करून भरायची, ते फोली. ओळखायचं असेल तर पाठमोऱ्या नटाचं वाक्य ऐका.

आता खरं सांगायचं तर नीट केलेलं डबिंग मलाही फसवतं. खोलीचा घुमारा घालता येतो, रूम टोन खाली अंथरता येतो. पण ज्युरीने नुसत्या कानावर का विसंबावं? लोकेशनच्या कच्च्या फाइल मागवायच्या, एक सीन लावून बघायचा. पाच मिनिटांचं काम.

मग झालं काय, तर २०२४ साली तिन्ही पुरस्कार मिळून एकच 'साऊंड डिझाइन' करून टाकला. ऑस्करनेही साऊंड मिक्सिंग आणि साऊंड एडिटिंगचे दोन पुरस्कार २०२१ च्या सोहळ्यापासून एक केले. तिकडची कारणं वेगळी असतील. पण इकडे बूम धरून दिवसभर हात वर ठेवणाऱ्याचा पुरस्कारच गेला.

पूर्वी मी ठणकावून म्हणायचो, सिंक म्हणजे खरं आणि डबिंग म्हणजे लबाडी. आता तसं म्हणवत नाही. गोंगाट करणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे आपले जुने सिनेमे वर्षानुवर्षं डब झाले आणि त्यातला शब्द न् शब्द ऐकू येतो. नवे सिंकवाले पुटपुटतात, वर कॉलर माइक कापडाखाली, त्यामुळे वरची फ्रिक्वेन्सी मरते आणि पहिला बळी व्यंजनांचा जातो. 'सात' म्हणाला की 'साठ', कळत नाही.

उरलेला दोष थेटरचा, तोही लपवत नाही. मिक्सिंग होतं ते थेटरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, ७ वर धरून. आपल्याकडे जाहिराती कर्कश वाजतात म्हणून ऑपरेटर फेडर ५ वर आणतो आणि सिनेमा सुरू झाला तरी तिथंच ठेवतो. ४ च्या वर एका आकड्याला सव्वातीन डेसिबलच्या आसपास फरक पडतो, म्हणजे साडेसहा डेसिबल गेले. संवाद येतात पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून, पडद्याच्या बारीक भोकांतून. त्या भोकांत धूळ बसली की आवाज आणखी बोथट. वर एसीची घरघर. १८४३ पासून नाटक ऐकत आलेल्या सांगलीकराला शेवटच्या रांगेत शब्द पोचला नाही तर राग येणारच, आणि तो रास्तच आहे.

पुढच्या वेळी मला विचारण्याआधी इंटरव्हलमध्ये ऑपरेटरकडे जा. फेडर कितीवर आहे विचारा आणि ७ वर करायला सांगा. संवाद ऐकू येतील. पण दहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला की मागच्या रांगेतून आरोळी येईल, "अरे, आवाज कमी कर!" तो बहुतेक साडेचारवर आणेल.