मॅडम, वही कोरी का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शाळा सुटताना फाटकाशी एखादी आई वही उघडून उभी असतेच. "मॅडम, आठवडा झाला, गणिताच्या वहीत दोनच पानं. पोरगा म्हणतो, आम्ही बाजार-बाजार खेळतो. मग शिकता कधी?" विचारणारी दर वेळी वेगळी, प्रश्न तोच. मी नाशिकला दुसरीच्या वर्गाला शिकवते. रिक्षावाले काका हॉर्न वाजवत असताना या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

बाजार आम्ही दिवाळीच्या सुट्टीनंतर मांडतो. नाशिकच्या मुलांना बाजार म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. गोदाकाठचा बुधवारचा बाजार आईचं बोट धरून बहुतेकांनी पाहिलेला असतो, आणि एखाद्याच्या घरचं माणूस तिथे भाजी घेऊनच बसलेलं असतं. तराजू मात्र मुलांनी करायचा. लाकडी हँगर, सुतळी आणि नारळाच्या दोन करवंट्या. वजनं म्हणून वाळूच्या पुरचुंड्या, शंभर-शंभर ग्रॅमच्या, खऱ्या काट्यावर तोलून बांधलेल्या.

गेल्या वर्षी एका गटाचा तराजू रिकामाच डावीकडे कलत होता. करवंट्या काही सारख्या नव्हत्या. दोन मुली म्हणाल्या, करवंटी बदलू. दुसरी करवंटी नव्हती. एकाने सुतळी आखूड केली. पारडं वर गेलं, दांडी तशीच तिरकी. माझे हात शिवशिवत होते. (गप्प उभं राहणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम. डीएडला ते कुणी शिकवलं नव्हतं.) तेवढ्यात त्या गटातला एक मुलगा उठून मैदानात गेला. वर्गात कधी हात वर न करणारा. मुठीत खडे घेऊन आला आणि त्यातला एक दोऱ्याने वरच्या पारड्याला बांधला. आता दांडी उजवीकडे झुकली. खडा सोडला, लहान बांधला. चौथ्या खड्याला दांडी सरळ झाली.

"हे कुणी सांगितलं रे तुला?"

"आजी बांधते ना. पासंग."

'त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' हा वाक्प्रचार मी वर्षानुवर्षं बोलत आलेय. वरच्या वर्गांना वाक्यात उपयोग करायलाही दिला आहे. पण पासंग म्हणजे पारड्याला बांधलेला खडा, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

खरी मजा पुढे. एक मुलगी म्हणाली, "ही चीटिंग आहे, खड्याचं पण वजन होणार." दुसरा म्हणाला, "खडा नसला तर जास्त चीटिंग." बाजार राहिला बाजूला, सगळा वर्ग तराजूभोवती. शेवटी त्यांनीच तोड काढली. दोन्ही पारड्यांत एकेक पुरचुंडी ठेवली, मग त्यांची अदलाबदल केली. दोन्ही वेळा दांडी सरळ राहिली आणि खडा निर्दोष सुटला. त्या दिवशी त्या मुलाच्या वहीत एकच ओळ आहे: 'खडा बांधला आता सरळ आहे.' तुम्ही पाहिलंत ते कोरं पान हेच.

आता संख्या. मराठीत आपण 'त्रेसष्ट' म्हणताना आधी तीन उच्चारतो, मग साठ. लिहिताना मात्र सहा आधी. म्हणून पोरं ३६ लिहितात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. मला त्यामागचं कारण पटलं होतं. पण रिक्षात, दुकानात, आजीच्या तोंडी 'एकवीस'च आहे, ते कुठे घालवणार? आमच्या बाजारात चिंचोके दहा-दहाच्या पुड्यांत विकतात. त्रेसष्ट मागितले की सहा पुड्या आणि तीन सुटे. एकाने तीन पुड्या नि सहा सुटे दिले, तर गिऱ्हाईकच भांडायला उठलं. माझ्या लाल पेनने हे काम कधी इतक्या लवकर केलं नव्हतं.

नोटाही मुलंच बनवतात. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून खऱ्या नोटा छापल्या जातात, त्यामुळे "आमचे आजोबा प्रेसमध्ये होते" असं सांगणारा एखादा असतोच, आणि तो लगेच गव्हर्नर होतो. एकदा या गव्हर्नरांनी नुसत्या शंभराच्याच नोटा काढल्या. सुटे कुणाकडेच नाहीत, बाजार ठप्प. दुसऱ्या दिवशी दहाच्या छापाव्या लागल्या.

पण खेळ मांडला की शिकणं आपोआप होतं, असं मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षी माझा बाजार साफ फसला होता. सगळ्या वस्तू दहा रुपयांना ठेवल्या होत्या मी! ना कुणाला सुटे मोजावे लागले, ना बेरीज. तासभर नुसता कल्ला. त्या वर्षी एखाद्या आईने फाटकाशी विचारलं असतं, तर तिचंच खरं होतं. आणि पाढे आम्ही आजही म्हणतो, रोज, मोठ्याने. पाठांतराशी माझं वैर नाही.

वैर आहे ते विकतच्या प्रोजेक्टशी. 'आपलं घर' करून आणा म्हटलं, की दुकानातून चकचकीत बंगला येतो, मागे किमतीची चिठ्ठी तशीच. ज्याने खोक्याला पेनाने खिडक्या काढल्या, तो आपलं घर पाठीमागे लपवतो. आता मी घरी काही करायलाच देत नाही.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेलं. शंख-शिंपले, बिया, पानं, जे हाताशी असेल त्यावर त्यांनी मुलांना शिकवलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांचा टप्पा खेळातून शिकण्याचाच धरलाय, आणि दुसरी त्यातच येते. पण धोरणाने आईची काळजी मिटत नाही, हे मला कळतं. माझाही मुलगा दुसरीत होता, तेव्हा मीही त्याची वहीच आधी उघडायची.

यंदाचा बाजार दिवाळीनंतर आहे. करवंट्या आतापासून बाजूला ठेवा. सारख्या नसल्या तर उत्तमच.