रिकाम्या बोअरांचं कोठार

ॲडलेडच्या दक्षिणेला टॉन्सली नावाचा भाग आहे. पूर्वी तिथे मित्सुबिशीचा मोटारींचा कारखाना होता. त्याच आवारात २०१६ पासून एक भलंमोठं कोठार उभं आहे आणि त्यात फक्त दगड ठेवलेत. दक्षिण ऑस्ट्रेलियात खनिजाच्या शोधात मारलेल्या बोअरांमधून निघालेल्या दगडाच्या कांड्या, पेट्यांमध्ये क्रमाने लावलेल्या, मांडणीवर मांडणी. कंपनी बुडाली, मालक बदलला, तरी दगड राहतात. आधी कळवलं की त्या पेट्या टेबलावर मांडून मिळतात.

यातल्या बहुतेक बोअरांत विकण्याजोगं काहीच लागलेलं नाही. तरीही सगळं जपलंय. मला याचं जे अप्रूप वाटतं, ते नीट सांगायचं तर आमचं, म्हणजे जमिनीखालचं खनिज शोधणाऱ्यांचं, काम थोडं सांगायला हवं.

खनिज शेकडो मीटर खाली असेल तर वर त्याची काही खूण नसते. मग आम्ही जमिनीवर गुरुत्व मोजतो, विमानातून चुंबकीय क्षेत्र मोजतो, जमिनीत इलेक्ट्रोड पुरून आतून वाहणारे नैसर्गिक विद्युतप्रवाह नोंदवतो. पण आकडे एकच उत्तर कधीच देत नाहीत. उथळ असलेला लहान जड खडक आणि खोलवरचा मोठा खडक, दोन्ही वर जवळपास सारखंच गुरुत्व दाखवू शकतात. निकाल बोअरच लावतो. आणि बोअर रिकामा गेला, तर निदान एक शक्यता कायमची खोडली जाते. ती खोडलेली शक्यता कपाटात कुलूपबंद राहिली, तर पुढचा माणूस त्याच जागी पुन्हा कोट्यवधी घालवणार. म्हणून कंपन्यांनी सर्वेक्षणाचे आकडे आणि अहवाल सरकारकडे द्यायचे आणि ठरावीक काळानंतर ते सगळ्यांना खुले व्हायचे, हा इथला नियम मला सोन्याच्या खाणीपेक्षा मोलाचा वाटतो.

दक्षिण ऑस्ट्रेलियातली ऑलिंपिक डॅम नावाची खाण हे त्याचं मोठं उदाहरण. तांबं, युरेनियम, सोनं आणि चांदी, सगळं एकाच ठिकाणी, वर ३०० मीटरहून जास्त जाडीचे, खनिज नसलेले कोरे थर. वेस्टर्न मायनिंग या कंपनीने सरकारी सर्वेक्षणांचे गुरुत्वाचे आणि चुंबकीय नकाशे एकमेकांवर ठेवले आणि दोन्ही जिथे एकदम उसळतात ती जागा निवडली. खाली बेसाल्ट असेल, असा त्यांचा कयास होता. १९७५ मध्ये पहिला बोअर मारला, तर बेसाल्टऐवजी फुटलेल्या ग्रॅनाइटमध्ये हेमाटाइट हे जड लोहखनिज आणि तांबं निघालं. त्यानंतरच्या काही बोअरांनी निराश केलं. साठा खरंच किती मोठा आहे, हे दहाव्या बोअरने दाखवलं. सुरुवात मात्र सर्वांना उपलब्ध असलेल्या नकाशांपासून झाली होती.

सुट्टीत दादरला आत्याकडे हे सांगितलं, तर काका म्हणाले, "अगं, त्यांची जमीन मोकळी पडलीय, म्हणून सापडतं. आपल्याकडे कोण शोधतंय!" मला हे पटत नाही आणि ऐकून रागही येतो. आपल्या महाराष्ट्राच्या डोक्यावर लाव्ह्याचे, म्हणजे बेसाल्टचे, थर आहेत. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल बोअर घेतला, तेव्हा खालचा ग्रॅनाइट लागायला १,२४७ मीटर बेसाल्ट ओलांडावा लागला. शिवाय हा बेसाल्ट स्वतःच चुंबकीय, त्यातले काही थर तर आजच्या उलट दिशेने चुंबकित. विमानातल्या यंत्राला आधी तोच दिसणार, खालचं काय ते नंतर. ही अडचण ऑस्ट्रेलियातल्या वाळूपेक्षा कितीतरी अवघड आहे.

आणि नोंदी ठेवणं आपल्याला कुणी शिकवायला नको. कुलाबा वेधशाळेत चुंबकीय मोजणी १८४१ पासून होत होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने मोजणी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती अलिबागला हलवली. तिथली इमारतही चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडाची. वेधशाळा इंग्रजांनी काढली हे खरं, पण ती मोजणी पुढे वर्षानुवर्षं आपल्याच माणसांनी सांभाळली. सूर्यामुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दिवसभर हलत असतं आणि तो बदल वजा केल्याशिवाय विमानातले आकडे वापरता येत नाहीत. तो बदल टिपायचं काम मुंबईने ऑलिंपिक डॅमच्या कितीतरी आधीपासून केलंय.

तरीही एक सांगते. मुंबईत शिकत असताना एका कचेरीत जुन्या बोअरची माहिती मागितली होती. अर्ज, शिफारस, साहेब दौऱ्यावर, पुढच्या आठवड्यात या. ती माहिती शेवटपर्यंत हाती आली नाही. इथे मी पहिल्याच आठवड्यात घरी बसून ऑलिंपिक डॅम परिसराचा गुरुत्वाचा नकाशा उतरवून घेतला. देश सोडला म्हणून ऐकून घ्यावं लागतं, पण झाकलेल्या जमिनीखालचं वाचायला हात इथेच बसतोय आणि ते काम दख्खनच्या बेसाल्टखालीही लागणार आहे.

आता आपल्याकडेही बदलतंय. २०१७ पासून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विमानातून देशाचं चुंबकीय सर्वेक्षण करतंय. २०२३ मध्ये कायदा बदलून खोलवरच्या आणि महत्त्वाच्या २९ खनिजांसाठी शोधाचा वेगळा परवाना आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भूवैज्ञानिक माहितीचं राष्ट्रीय भांडार ऑनलाइन सुरू झालं. मुंबईत भूशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी त्यावर नोंदणी करून आपल्या भागाचे नकाशे उतरवून बघावेत. रिकाम्या गेलेल्या बोअरांच्या नोंदी त्यात कितपत सापडतात, हे मला जरूर कळवा.