गच्चीची किल्ली

रत्नागिरीत फ्लॅट भाड्याने घेतला तेव्हा आईने अमळनेरहून फोनवर एकच विचारलं, "गच्ची आहे का?"

समुद्र किती लांब, पाणी किती वेळ येतं, भाडं किती, काही नाही. मी म्हटलं, आहे. खोटं नव्हतं ते. मांडवीच्या मागच्या गल्लीत तीन मजली, सहा बिऱ्हाडांची नवीकोरी बिल्डिंग. लिफ्ट, खाली पार्किंग, सरकत्या काचांच्या खिडक्या. गच्चीही होती, फक्त तिच्यावर पत्र्याचं उतरतं छप्पर होतं आणि दाराला कुलूप.

करार ११ महिन्यांचा. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. महिने कितीही असोत, नोंदणी करावीच लागते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. पैसे मात्र मीच भरले. कागदावर मी भाडेकरू नव्हतोच, 'लायसन्सी' होतो, म्हणजे घर वापरायची नुसती परवानगी मिळालेला. आईला हे सांगितलं तर ती दचकलीच. तिच्या लेखी लायसन असतं ते दारूच्या दुकानाला.

त्या पत्र्याचं कोडं पहिल्या पावसातच सुटलं. आमच्या खानदेशातल्या जुन्या घरांना धाबं असतं, सपाट, मातीचं छत. वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तेवढा माती सोसते. रत्नागिरीत तो ३००० च्या वर जातो, म्हणून तिथे उतरती कौलं. आता नवीन बिल्डिंग म्हणजे आधी आमचं धाबं बांधायचं, ते गळायला लागलं की त्यावर कोकणचं छप्पर चढवायचं! दोन्हीकडचा खर्च भाड्यात.

श्रावणात आई भुसावळहून मंगला एक्सप्रेसने आली. समुद्र बघून हात जोडले, पाय भिजवले, झालं. मग तिने बरोबर आणलेला उडदाच्या पापडांचा डबा उघडला. चार दिवसांत पापड चामड्यासारखे वाकायला लागले. मिठाच्या बरणीत पाणी. कपाटाच्या बिजागऱ्या तांबूस. एक पापड दोन बोटांत धरून ती म्हणाली, "आठे ते पापडले बी घाम येस!"

मला ते घर आवडायचं, हे तिला कसं सांगू? रात्री दिवे मालवले की लाटांचा आवाज थेट उशीशी यायचा. अमळनेरला मे महिन्यात रात्री अकरालाही भिंत हाताला भाजते.

हे लिहितोय मात्र त्याच अमळनेरच्या गच्चीवर. करार संपला, सुट्टी घेऊन आलोय. समोर जुन्या धोतरावर वाळत घातलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आईने सकाळी थापलेले. सांजेला धोतर उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवायचा, की बिबडे अलगद सुटतात. तोवर माझं काम कावळे हाकायचं.

मघाशी एजंटचा फोन आला. करार वाढवायचाय का? मालक थोडं भाडं वाढवून मागताहेत. मी म्हटलं, चालेल, पण गच्चीची एक किल्ली मला हवी.

तो हसला. "अहो, त्या शेडखाली काय वाळणार?"

उत्तर द्यायच्या आत खालून आईची हाक आली. कावळा धोतराच्या कोपऱ्यावर बसला होता.